सॅम्पलचे तुकडे

धुळ्याला लेखराजच्या दुकानात
दिवाळीनंतर जुनी सॅम्पलची पुस्तकं निघतात.
सुटिंग, शर्टिंग, गेल्या सालचे रंग.
पुठ्ठे फाडून तो तुकडे सुटे करतो,
तराजूत टाकतो, म्हणतो,
नव्वद रुपये किलो, निवडायचं नाही.

निवडायचं नाही म्हटलं की माझा हात आधी आत जातो.
राखाडी, राखाडी, त्याहून किंचित भुरकट राखाडी,
एक मोरपंखी, दोन चॉकलेटी,
एक भिजवलेल्या मठासारखा, ज्याला नाव नाही.
सगळे एका मापाचे, वीतभर लांब, चार बोटं रुंद,
कडा करवती कात्रीनं दातेरी केलेल्या,
म्हणजे दोरे सुटायचे नाहीत.
आयतं कापलेलं कापड!
तीस वर्षं लोकांचे ब्लाउज बेतले मी,
मला कुणी कधी काही कापून दिलं नव्हतं.
सव्वादोन किलो घेतले.
एसटीत पिशवी मांडीवर धरून
आत हात घालून मोजत निघाले.
फागण्याला चाळीस झाले, मुकटीला चुकले,
पारोळ्यापर्यंत पुन्हा पहिल्यापासून.

निंबाबाईंनी ओट्यावरूनच पाहिलं.
एक तुकडा उचलला, नाकाशी नेला, खाली ठेवला.
"यामा कोनीच नही, व माय.
ऊब कथाईन ई?"

खरंच होतं त्यांचं.
त्यांच्या गोधडीत थोरल्या दिराचं धोतर आहे,
गेलेल्या जावेचं हिरवं पातळ,
धाकटीची शाळेची निळी ओढणी,
जी तिनं दहावीच्या निकालादिवशी
चुलीत घालायला काढली होती.
रात्री पांघरलं की माणसं अंगावर येतात.
माझ्या तुकड्यांना घामाचा वास नाही,
हळदीचा डाग नाही,
फक्त पाठीला चिकटवलेले आकडे:
४४१७, ४४१८, ४४२०.
४४१९ कुणी नेला असेल?

चैत्रातल्या दुपारी दार लावून बसले.
पंखा बंद, नाहीतर तुकडे उडतात.
कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, इस्त्री आणि शेंगदाण्याचा डबा.
कागद ओले करून नखानं सोलत होते
तेव्हा कळलं, हे कोरे नाहीत.
प्रत्येकाच्या एका टोकाला चिमटीची खूण,
जराशी तुळतुळीत.
किती नवरदेवांच्या बापांनी चोळून पाहिलं असेल,
उजेडाकडे धरलं असेल,
भाव विचारून म्हटलं असेल, पुढचं दाखवा.
पुढचं दाखवा. पुढचं.
पसंत पडलं तरी जातं ते ताग्यातलं कापड.
तुकडा तिथंच राहून
पुढचे हात बघतो.

मलाही सात जण पाहून गेले होते.
ते इथं लिहायचं नव्हतं.

मग एक लाल सापडला. कुणी घरात घालणार नाही असा लाल.
मागच्या कागदावर लेखराजचं बॉलपेनचं अक्षर:
बँड. ११ ड्रेस. पिवळी पट्टी. बाकी ६००.
तो कागद मी काढला नाही.
मधल्या रांगेत, दोन राखाडींच्या मध्ये,
आहे तसा शिवला.

तिसऱ्या दिवशी निंबाबाई आल्या.
काही बोलल्या नाहीत, सुई मागितली
आणि समोरच्या कडेनं सुरू झाल्या.
त्यांचा टाका तांदळाएवढा,
माझा चवळीच्या शेंगेएवढा.
अस्तर हातभर कमी पडलं तेव्हा उठून घरी गेल्या,
एक विटकं जांभळं पातळ आणून
माझ्याकडे न बघता खाली सरकवलं.
कुणाचं, मी विचारलं नाही.

पौषात शहाद्याहून मुलाचा फोन.
पॉलिटेक्निकचं हॉस्टेल, खिडकीला काच नाही.
"आई, कूस बदलली की गोधडीत
काहीतरी वाजतं."
मी म्हटलं, वाजू दे.
बँडवाले आहेत.
अकरा जण.